कोपऱ्यातला नंबर

आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाई मुळात भूगोलाच्या. एकदा ऑफिसच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला. क्लार्कने मशीनला दोन थपडा मारून पाहिल्या, शिपाईमामांनी बटण चारदा चालू-बंद केलं, आणि बाईंनी झाकण उघडून कागद अलगद ओढून काढला. त्या दिवसापासून त्या कॉम्प्युटरच्या बाई झाल्या. सरकारी शाळेत माणसाची पारख अशीच होते. मी चित्रकलेचा मास्तर. सव्वीस वर्षांत शाळेतली प्रत्येक पाटी, प्रत्येक नाटकाचा पडदा आणि टाकीवरचं ‘पिण्याचे पाणी’ हेसुद्धा मीच रंगवलं आहे, तेव्हा मला हे बोलायचा अधिकार आहे.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे पूर्वीची मोडक्या बाकांची खोली. एकोणीस मशीन, त्यातली अकरा चालणारी, एका कीबोर्डवर तीन-तीन मुलं. भिंतीवर पुठ्ठ्यावर सगळ्या मशीनचा पासवर्ड ठळक अक्षरात लिहिलेला होता. अक्षर अर्थातच माझं. बाईंनी पहिल्याच दिवशी तो पुठ्ठा खाली उतरवला. मला वाटलं, अक्षर आवडलं नसेल. मी दोन दिवस फुगून बसलो.

मग वरून आदेश आला की मुलांना इंटरनेटवर सुरक्षित कसं राहायचं ते शिकवा. सोबत बावीस पानांची पुस्तिका आली. इतर कुणी असतं तर ती मुलांकडून वहीत उतरवून घेतली असती आणि मोकळं झालं असतं. बाईंनी पुस्तिका कपाटात ठेवली आणि आठवीच्या वर्गात पडद्यावर माझा फोटो लावला.

मी नवी स्कूटर घेतली होती. घरासमोर तिच्यावर हात ठेवून फोटो काढला होता आणि आपण माणूस आहोत, आनंद होतो, म्हणून तो इंटरनेटवर टाकला होता. बाईंनी मुलांना विचारलं, “या फोटोतून काय काय कळतं ते सांगा.” मुलांनी दहा मिनिटांत सांगितलं. गाडीचा नंबर. दारावरचा घर क्रमांक. समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी, म्हणजे रस्ता. खाली मीच लिहिलं होतं, ‘रविवारी लांब फिरायला जाणार!’ म्हणजे रविवारी घर रिकामं. कुणीतरी मागून म्हणालं, “बाई, सरांचं पोट पण कळतं.” सगळा वर्ग हसत सुटला. मी बाजूच्याच खोलीत होतो, सगळं ऐकत होतो. आठवडाभर मी बाईंशी बोललो नाही. फोटो मात्र त्याच दुपारी काढून टाकला.

अशी त्यांची शिकवण्याची रीत होती. आणि दुसरी रीत म्हणजे ते बाक. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर, व्हरांड्यात, पाठ तुटलेलं एक बाक होतं. बाईंनी वर्गात सांगून ठेवलं की मोबाइलवर काही घडलं, काही बघितलं, काही चुकलं, तर मधल्या सुट्टीत त्या बाकावर येऊन बसायचं. बाई शेजारी येऊन बसत. आपणहून काहीही विचारत नसत. पोर बोलेपर्यंत थांबत, आणि पोर बोललंच नाही तर घंटा झाल्यावर उठून वर्गात जात. फळ्याच्या वरच्या कडेला त्यांनी तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या आणि त्या पुसायची कुणालाच परवानगी नव्हती. ‘सांगितलं म्हणून मी रागावणार नाही. सांगितलं म्हणून फोन जाणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगावं लागलं, तर आधी तुला विचारीन.’ आणि त्याखाली त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर. आपला नंबर कुणाला देऊ नका असं शिकवणारी बाई स्वतःचा नंबर फळ्यावर लिहिते, याची मी पुरेपूर चेष्टा करून घेतली. “माझा नंबर मी ठरवून दिलाय, सर,” त्या म्हणाल्या. “फरक तोच आहे.”

घरी त्या आणि त्यांची आई. आईला कमी ऐकू यायचं आणि जास्त बोलायला यायचं. “जगाची पोरं तुझ्याशी बोलतात, माझी पाळी कधी?” असं ती मला साक्षीला ठेवून विचारायची. बाई हसून चहा टाकायला उठत. पण मुलांचा फोन आला की त्या हातातला कप तसाच ठेवून बाहेर जात, हे मी दोन-तीनदा पाहिलं आहे.

दुसऱ्या वर्षी बाईंच्या डोक्यात आलं की मुलांनीच पोस्टर करावीत. अनोळखी माणसाला माहिती देऊ नका, असा विषय. त्यांनी मला विचारलं आणि मी खूश झालो. सहावी ते आठवीच्या एक्केचाळीस मुलांनी पोस्टर केली. पहिला नंबर आठवीतल्या एका मुलीचा आला. ही मुलगी काडीसारखी, कानामागे कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून सगळी शाळा तिला पेन्सिलच म्हणायची. तिने एक मोठा फोन काढला होता, आणि त्या फोनमधून बाहेर आलेला हात एका घराची कडी काढत होता. बोटांची पकड इतकी खरी होती की मलाही तशी जमली नसती, आणि हे मी सहसा कबूल करत नाही.

बाईंनी सगळ्या पोस्टरचे फोटो शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकले. छान, स्वच्छ फोटो. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवले आणि म्हणालो, “बघा, कोपऱ्यातलं अक्षरसुद्धा वाचता येतंय.”

त्यानंतर पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत पेन्सिल बाकावर येऊन बसली. बाई तिच्या शेजारी बसल्या. सहा-सात मिनिटं दोघी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मग पोरीने फोन काढून बाईंच्या हातात दिला.

तीन दिवसांपूर्वी तिला मेसेज आला होता. मी चित्रकला स्पर्धा समितीतून बोलतोय, तुझं पोस्टर पुढच्या फेरीत गेलंय. त्याला तिचं पूर्ण नाव माहीत होतं, इयत्ता माहीत होती, तुकडी माहीत होती. चित्रासोबत लावायला तुझा फोटो पाठव, म्हणाला. तिने गणवेशातला पाठवला. मग म्हणाला, निकाल गुप्त असतो, घरी किंवा शाळेत बोलू नकोस. मग म्हणाला, घरी एकटी असशील तेव्हा सांग, मी फोन करतो. इथे ती थांबली होती.

“मी कुणालाच नंबर दिला नव्हता, बाई,” ती म्हणाली. “शप्पथ. तुम्ही शिकवल्यापासून कुणालाच नाही. मग त्याला कुठून मिळाला?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या उठून आत गेल्या, शाळेचं पान उघडलं आणि तिचं पोस्टर मोठं करून बघितलं. उजव्या हाताला, खाली, कोपऱ्यात नीट चौकट आखून लिहिलं होतं. पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, फोन नंबर. एक्केचाळीस पोस्टर, एक्केचाळीस चौकटी.

आता हे सांगायलाच हवं. ती चौकट माझी. अठरा वर्षांपूर्वी एका स्पर्धेला पाठवलेली आमच्या मुलांची चित्रं तिकडे गोंधळात दुसऱ्या शाळेच्या गठ्ठ्यात गेली होती आणि आमचं एक बक्षीस दुसऱ्यालाच मिळालं होतं. तेव्हापासून माझा नियम आहे की चित्र काढायच्या आधी कोपऱ्यात चौकट, चौकटीत सगळी माहिती, आणि चौकट नसेल तर मी चित्र बघतही नाही. मुलं इतकी सरावली आहेत की कोरा कागद दिला की हात आधी कोपऱ्यात जातो. अनोळखी माणसाला नंबर देऊ नका असं एक्केचाळीस मुलांनी रंगवलं आणि माझ्या नियमाप्रमाणे खाली आपापला नंबर लिहिला. आणि तो मला दिसला नाही, बाईंनाही दिसला नाही. कोपऱ्यात चौकट असतेच, म्हणून.

बाई मला बोलवायला आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी पडद्याकडे बघितलं आणि कोपऱ्यातली चौकट ओळखली. पण ती माझी आहे असं म्हणालो नाही. त्यांनी आधी सगळी पोस्टर पानावरून काढली, मग पेन्सिलला विचारलं की हे मला तुझ्या घरी आणि पोलिसांत सांगावं लागेल, सांगू का. ती हो म्हणाली. “फोन जाईल,” ती म्हणाली. बाई म्हणाल्या, “जाऊ देणार नाही.”

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मनाने वाईट नाहीत, पण त्यांना बोभाट्याची भीती. “काढलंत ना पानावरून? मग झालं. त्या एका घरी जाऊन या आणि विषय मिटवा. बाकीच्या चाळीस घरांत कशाला आग लावायची?”

“चाळीस मुलांचे नंबर पंधरा दिवस उघड्यावर होते,” बाई म्हणाल्या. “त्यांच्या घरी हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलं पाहिजे.”

“लोक तुम्हाला धारेवर धरतील.”

“धरू देत.”

पोलीस चौकीतल्या हवालदाराने तक्रार लिहून घेतली. तो नंबर दोन दिवसांनी बंद झाला. तो माणूस कोण होता ते आजपर्यंत कळलेलं नाही, हेही सांगून टाकतो.

पेन्सिलच्या घरी मी बाईंसोबत गेलो. दोन खोल्या, कोपऱ्यात शिलाई मशीन, त्याच्यावर अर्धवट शिवलेल्या उशांच्या खोळी. बाप बसच्या डेपोत मेकॅनिक. कामावरून नुकताच आला होता, नखांत काळं तेल. बाईंनी काही लपवलं नाही. शेवटपर्यंत ऐकून घेऊन तो मुलीकडे वळला आणि हात पुढे केला. “फोन.”

मुलीने बाईंकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

“तिने सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं,” बाई म्हणाल्या. “सांगितल्याबद्दल तिचाच फोन काढून घेतलात तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.”

“पुढची वेळ येणारच नाही. फोनच नसेल तर येईल कशाला? आणि तुमच्याच शाळेने पोरींचे नंबर वाटले, आता तुम्हीच मला शिकवा.”

“बरोबर आहे. चूक माझी आहे. तुमच्या मुलीची काडीचीही नाही.” मी शेजारी उभा होतो. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे होतं, एवढंच मी बघत होतो. बाईंनी पर्समधून स्वतःचा फोन काढला आणि शिलाई मशीनवर ठेवला. “कुणाचा फोन काढून घ्यायचा असेल तर माझा घ्या.”

कुणीही शहाणा माणूस इथे वरमला असता. हा नाही वरमला. त्याने दोन्ही फोन उचलले, लोखंडी कपाटात ठेवले आणि दार लावलं. “ठीक आहे. ज्या दिवशी हिचा देईन त्या दिवशी तुमचा.”

त्याची बायको डोक्याला हात लावून बसली. बाई मात्र शांतपणे चपला घालू लागल्या. दारात त्या म्हणाल्या, “एक करा. बंद ठेवू नका. मुलांचे फोन येतात. वाजला तर उचला.”

रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, “अहो, तुम्हाला वेड लागलंय का? तो खरंच ठेवून घेईल.”

“त्याला कुलूप आहे, सर. उचलण्यापलीकडे काही करता येणार नाही.”

“पण शाळेचं काम? घरचं? आईंचं काय?”

“मी त्या मुलीला फळ्यावर लिहून दिलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते मी मोडलं. नुसतं सॉरी म्हणून घरी कशी जाऊ?” चौकटीचं सांगायला रस्ता पुरेसा लांब होता. मी नाही सांगितलं.

पुढचे नऊ दिवस बाई शाळा सुटल्यावर घरोघर गेल्या. एका घरी त्यांना बसायलाही सांगितलं नाही, एका आजोबांनी नोकरी घालवायची धमकी दिली, एका आईने रडून घेतलं आणि मग पाणी दिलं. चाळीस घरं झाली. आणि जे व्हायचं होतं तेच झालं. मेकॅनिकने पोरीचा फोन काढून घेतला ही बातमी मुलांमध्ये गेली, मग पालकांमध्ये गेली, आणि निम्म्या घरांत फोन कपाटात गेले. पेन्सिलशी वर्गातल्या मुली बोलेनाशा झाल्या. तुझ्यामुळे झालं, म्हणाल्या. ती मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत येऊन रंगाच्या वाट्या धूत बसायची. स्वच्छ वाट्याही धुवायची.

आणि बाक रिकामं. रोज मधल्या सुट्टीत बाई तिथे जाऊन बसत, शेजारची जागा मोकळी ठेवून. मुलं लांबून वळसा घालून जात. फळ्यावरच्या दुसऱ्या ओळीखाली कुणीतरी खडूने लिहिलं, ‘खोटं’. बाईंनी ते पुसलं नाही. “पुसून काय होणार?” त्या म्हणाल्या. “मी रोज बसणार. एक वर्ष लागलं तर एक वर्ष.” मला त्यांचा राग आला. खरं तर मला माझा राग आला होता, पण मला तो दुसऱ्यावर काढायची सवय आहे.

दहाव्या दिवशी मधल्या सुट्टीत मेकॅनिक शाळेत आला. कामाच्याच कपड्यांत होता. व्हरांड्यात त्याने इकडेतिकडे बघितलं आणि बहुधा मुलीकडून ऐकलेलं असल्यामुळे सरळ जाऊन त्या बाकावर बसला. बाई त्याच्या शेजारी बसल्या. मी माझ्या खोलीच्या दारात उभा होतो. मुलं पटांगणात थबकली. बाईंनी काही विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने तो बोलू लागला. “तुमचा फोन मी चार्ज करत होतो. बंद पडलेली वस्तू घरात ठेवायची मला सवय नाही. आधी सगळे तुमच्या आईचे फोन. बाई नाहीत म्हटलं की म्हणायच्या, ती कधी असते? आणि मग मलाच अर्धा तास बोलायच्या. माझं जेवण काय झालं तेसुद्धा विचारायच्या.”

बाई हसल्या नाहीत. त्या थांबल्या होत्या.

“काल संध्याकाळी वाजला. वाटलं, आईच. उचलला. तर एक मुलगी. मी काही बोलायच्या आधीच सुरू झाली. म्हणाली, बाई, मला बाकावर यायची भीती वाटते. एक जण मला रोज मेसेज करतो. मी घरी सांगणार होते, पण पेन्सिलने सांगितलं तर तिच्या बाबांनी फोन काढून घेतला. माझे बाबा पण घेतील. म्हणून नाही सांगितलं.” तो हाताची नखं बघत राहिला. “माझ्यामुळे, बाई. दुसऱ्याची पोरगी गप्प बसली ती माझ्यामुळे.”

“मग?”

“मी म्हटलं, मी बाई नाही. ती एकदम गप्प झाली. ठेवून देते की काय म्हणून माझी पाचावर धारण बसली. मग तुमच्या फळ्यावरचं आठवलं, आमची सारखी म्हणून दाखवायची. म्हटलं, रागावणार नाही, सांग. दहा मिनिटं बोलली. मी नुसतं हं हं करत होतो. माझी पोरगी मागे उभी राहून ऐकत होती.” त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. “तिला मेसेज येत होते ते तीन दिवस ती पण माझ्याच घरात होती, बाई. समोर बसून जेवत होती. मला नाही सांगितलं तिने. मी हिशेब लावला रात्री, मला का नाही सांगितलं त्याचा.”

त्याने खिशातून बाईंचा फोन काढून त्यांच्या हातात दिला. “हिचा सकाळीच दिला. आणि त्या मुलीला मी विचारून घेतलंय, बाईंना तुझं नाव सांगू का म्हणून. हो म्हणाली. सहावी ब. मधल्या सुट्टीत वर्गातच बसते, म्हणाली. तुम्ही जा.”

बाई उठल्याच. जाताना त्यांनी एकदा मागे बघून त्याला मान हलवली आणि जवळजवळ पळतच जिन्याकडे गेल्या. एवढी वर्षं शाळेत आहेत, पण त्यांना पळताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मेकॅनिक तसाच बसून राहिला. पटांगणात पेन्सिल हौदाजवळ उभी होती. तिच्याजवळ दोन मुली गेल्या, मग तिसरी गेली.

“सर,” त्याने मला हाक मारली. “चित्रावर कोपऱ्यात नंबर लिहायचं हे पोरांना कुणी शिकवलं?”

नऊ दिवस बाई चाळीस घरांत चूक माझी, चूक माझी म्हणत फिरल्या होत्या. एकदाही त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

“मी,” मी म्हणालो. “अठरा वर्षं मीच शिकवतोय. तुमच्या घरी उभा होतो तेव्हाही मला माहीत होतं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मोठा माणूस, तेलाने काळे झालेले हात, मनात आणलं असतं तर मला व्हरांड्यातून खाली ढकलू शकला असता. त्याने मान वळवून उघड्या दारातून आतल्या फळ्याकडे बघितलं. मग तो बाकावर थोडा बाजूला सरकला.

“बसा,” तो म्हणाला.